रविवार कुणाचा?



आज बचतीचा हप्ता, कर्जाची परतफेड, बँकेचे पासबुक यातले काही बोलायचे नाही. आज बोलायचे आहे रविवारबद्दल. आपल्या एरंडोल तालुक्यात आता बऱ्याच गटांनी स्वतःचे काम उभे केले आहे. कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणाचे शिवणकाम, कुणाचे पापड-मसाल्याचे दुकान. आणि जिथे दुकान आहे तिथे कधी ना कधी एक प्रश्न बैठकीत निघतोच, की रविवारी दुकान उघडे ठेवायचे की बंद? एक जण म्हणते, रविवारी नोकरीवाले घरी असतात, पाहुणे येतात, त्याच दिवशी माल खपतो. दुसरी म्हणते, मग आम्ही डोक्यावरून आंघोळ तरी कधी करायची? दोघींचेही खरे आहे. म्हणून भांडण मिटत नाही आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो.

मला वाटले, निर्णय घेण्याआधी ही सुटी आली कुठून ते एकदा बघावे. ती काही आभाळातून पडलेली नाही. ती कुणीतरी मागितली, कुणीतरी अडवली आणि कुणाला तरी ती मिळालीच नाही. ही सगळी गोष्ट आपल्या कामाची आहे.

आपल्याकडे आठवड्याचे सात वार जुने आहेत, पण दर सात दिवसांनी सगळ्यांनी काम बंद ठेवायचे अशी रीत नव्हती. आपल्या सुट्या होत्या सणांच्या. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सासुरवाशिणीला चार दिवस मोकळे मिळतात. खानदेशात सालदाराचे सालही आखाजीलाच संपते आणि आखाजीलाच नवे ठरते. म्हणजे सालदाराच्या हक्काची मोकळीक वर्षाच्या सांध्यावर. बाकी त्याचा आठवडा कधी संपत नसे. आठवड्याचे म्हणून जे काही होते तो होता बाजाराचा दिवस. मजुरी बाजाराच्या दिवशी मिळायची, म्हणून त्या दिवशी शेतावर माणूस कमी. पण बाजाराच्या दिवशी बाईने विसावा घेतला असे कुणी पाहिले आहे का? डोक्यावर पाटी घेऊन जायचे आणि पिशवी भरून यायचे.

रविवारला आपल्याकडे मान आहे तो देवामुळे. आपले जुने लोक रविवारला आईतवार म्हणतात, आदित्याचा म्हणजे सूर्याचा वार. खंडोबाचा वार रविवार. आणि खानदेशातल्या बाईला तर वेगळे सांगायलाच नको. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोट होतात, नारळाला नथ-लुगडे लेवून कानबाई सजते, रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. तेव्हा रविवार आपल्याला परका नाही. पण तो पूजेचा वार होता, सुटीचा नव्हता.

सातव्या दिवशी काम थांबवायचे ही कल्पना फार जुनी आहे ती यहुदी लोकांची. त्यांचा वार शनिवार. त्यांच्या धर्मग्रंथात नुसते मालकाने थांबावे असे नाही, तर घरातले चाकर, गुरेढोरे आणि दारी आलेला परका माणूस, या सगळ्यांनी थांबावे असे सांगितले आहे. याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोकणात अलिबागच्या बाजूला बेने इस्रायल नावाचे यहुदी लोक शेकडो वर्षे राहिले. मराठी बोलणारे, तेलाचा घाणा चालवणारे. शनिवारी ते घाणा जुंपत नसत. म्हणून शेजारच्या लोकांनी त्यांना नावच दिले, 'शनवार तेली'. बघा, धंदा बंद ठेवल्यामुळे गिऱ्हाईक तुटले नाही, उलट ओळख झाली. आज तेल घ्यायचे तर शुक्रवारीच घ्या, हे गावाला माहीत होते.

रविवारच्या सुटीचा पहिला मोठा सरकारी हुकूम मात्र दूर रोमच्या राज्यातला. कॉन्स्टंटाइन नावाच्या सम्राटाने ७ मार्च ३२१ रोजी फर्मान काढले, की सूर्याच्या वारी न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी विश्रांती घ्यावी आणि कारखाने बंद ठेवावेत. पण त्याच फर्मानात पुढे एक सूट आहे. खेड्यातल्या लोकांनी शेतीचे काम खुशाल करावे, कारण पेरणीचा योग्य दिवस निघून गेला तर पुन्हा येत नाही. शेतकऱ्याची अडचण त्या राजाला कळली होती, हे मान्य. पण मैत्रिणींनो, सतराशे वर्षांपूर्वी सुटीचा पहिला हुकूम निघाला त्याच दिवशी शेतातले माणूस सुटीबाहेर राहिले, हेही ध्यानात ठेवा. कारण हेच पुढे पुन्हा पुन्हा होणार आहे.

आता येऊ आपल्या मुंबईत. १८५० नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या. कोकणातून, घाटावरून माणसे पोटासाठी तिथे गेली. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. उजाडले की भोंगा व्हायचा आणि अंधार पडला की गिरणी थांबायची. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम मोठे. बारा-तेरा तास, कधी जास्तच. सुटी सणावाराला किंवा यंत्रे साफ करायची असली तर.

१८८१ साली इंग्रज सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. त्यात महिन्याला चार सुट्या होत्या, पण फक्त लहान मुलांसाठी. हो, सात वर्षांची मुले गिरणीत काम करायची. मोठ्या माणसांसाठी, बायांसाठी काहीच नव्हते. या कायद्यामागे एक गंमत आहे. इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीमालक सारखे सरकारच्या मागे लागले होते, की हिंदुस्थानात कायदा करा. त्यांना आपल्या मजुरांचा कळवळा होता म्हणून नव्हे, तर मुंबईचे कापड स्वस्त पडत होते म्हणून. आणि आपल्याकडची बरीच वर्तमानपत्रे म्हणत, हा कायदा देशी धंदा बुडवायला आणला आहे. दोन्ही बाजूंना आपापल्या धंद्याची काळजी होती. मजुराला काय हवे ते कुणी विचारले नाही.

ते विचारणारा माणूस होता नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घर गरिबीचे. शिक्षण बेताचे. आधी लहानसहान नोकऱ्या केल्या, मग मुंबईत एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र चालवले. गिरणीत आत काय चालते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून ते लिहीत ते खरे असे.

१८८४ साली सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंड्यांनी मजुरांच्या सभा भरवल्या, गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज दिला. त्यातल्या मागण्या ऐका. दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास जेवणाला. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्याहून जास्त काम नको. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर इजा झाली तर भरपाई. साधी साधी मागणी आहे. भाकर खायला अर्धा तास मागावा लागत होता.

रविवारच का, सोमवार-गुरुवार का नाही? असे सांगतात, की लोखंडे म्हणाले, रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे. साहेब रविवारी चर्चला जातो, तर आमच्या मजुरालाही देवाचा वार मोकळा हवा. आणि त्याला घर, कपडा, आजारपण, समाजाचे काम बघायला एक दिवस हवा. मालकाला नाही म्हणायला जड जाईल असा वार त्यांनी निवडला.

सहा वर्षे दाद लागली नाही. मग २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सभा झाली. सुमारे दहा हजार मजूर जमले. तिथे दोन बायांनी भाषणे केली. गिरणीत काम करणाऱ्या बाया, १८९० साल आणि दहा हजारांची सभा. आज आपल्यातल्या कितीतरी जणींना ग्रामसभेत उठून बोलायचे तर पाय लटपटतात. त्या दोघी त्या मैदानात उभ्या राहिल्या आणि बोलल्या. आज रविवारी शाळा बंद असते, बँक बंद असते, त्याला त्या दोघींचाही हात लागलेला आहे.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ साली, कारखान्यांचा नवा कायदा आला. आठवड्याची सुटी सगळ्यांना मिळाली. बायांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले आणि त्यात दीड तास विश्रांती ठरवली. लोखंडे पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये, ९ फेब्रुवारीला गेले. त्याच प्लेगने, सुमारे महिन्याने, १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. त्या रोग्यांची सेवा करत होत्या. सरकारने २००५ साली लोखंड्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. पण रविवार सगळे घेतात आणि नाव फार थोड्यांना माहीत.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण आपण खानदेशातल्या आहोत, म्हणून आपली गोष्ट अजून बाकी आहे.

१८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत आपसांत युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याच सुमाराला खानदेशात रेल्वे आली. पुढे जळगाव आणि आजूबाजूच्या गावांत सरकी काढायचे जिन आणि गठाण बांधायचे प्रेस निघाले. जिनवर काम करायला मुख्यतः बाया. मगाशी ज्या १८८४ च्या आयोगाचे नाव घेतले, त्याच्यासमोर जिनिंगच्या कारखान्यांबद्दल साक्षी झाल्या. त्यात खानदेशची हकीकत आहे. पहाटे चार-पाचला काम सुरू, रात्री आठ-नऊपर्यंत. आणि ऐन हंगामात, मार्च-एप्रिलला, रात्रंदिवस. एका साक्षीत तर असे आले, की त्याच त्या माणसांकडून सलग आठ दिवस रात्रंदिवस काम घेतात. आठ दिवसांच्या पुढे माणूस टिकत नाही, मग नवी माणसे आणतात.

आठ दिवस का, तर नववा दिवस शरीराला झेपत नाही म्हणून. त्या आपल्याच भागातल्या जिनांवर उभ्या असलेल्या बाया होत्या. कापसाची धूळ नाकातोंडात, आणि घरी मुले.

मग १८९१ च्या कायद्याने त्यांना रविवार मिळाला का? नाही. कायदा वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. मुंबईची गिरणी बारा महिने चालते, ती कायद्यात बसली. खानदेशातला जिन हंगामापुरता चालतो, चार महिन्यांच्या आत बंद झाला की तो कायद्याबाहेर. ज्या बाया सगळ्यांत जास्त राबल्या त्याच बाहेर. हंगामी कारखाने कायद्यात आले ते १९११ साली. मुंबईच्या मैदानावर दोन बाया बोलल्या, त्यानंतर तब्बल एकवीस वर्षांनी.

रोमच्या राजाने शेतकरी सोडला, १८९१ च्या कायद्याने जिनवरची बाई सोडली. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखेच होते. पेरणी थांबत नाही, हंगाम थांबत नाही, गिऱ्हाईक थांबत नाही. आपल्या बैठकीतही आपण हेच म्हणतो की नाही?

आता दुकानांचे बघू. कारखान्यानंतर कितीतरी वर्षांनी दुकानातल्या नोकराची पाळी आली. मुंबई इलाख्यात १९३९ साली दुकानांचा पहिला कायदा झाला, मग १९४८ साली मोठा कायदा आला. त्यात ठरले, की प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद राहील आणि त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. म्हणूनच आपण लहानपणापासून पाहतो, दुकानाच्या पाटीवर 'अमुक वारी बंद' असे लिहिलेले. रविवारच हवा असे नव्हते, गावागावाचा वार वेगळा.

२०१७ साली महाराष्ट्रात हा कायदा बदलला. आता दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते. पण एक अट आहे. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुटी मिळालीच पाहिजे. सुटीच्या दिवशी कामाला बोलावले तर बदली सुटी द्यायची. म्हणजे कायद्याने दुकानाची सुटी आणि माणसाची सुटी वेगवेगळी केली. हे मला पटते. शटर बंद झाले म्हणून आतली बाई मोकळी झाली असे नाही, आणि शटर उघडे राहिले म्हणून सगळ्यांनी रोज यावे असेही नाही. पण हा कायदा आला तेव्हा तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पूर्ण लागू होता. आपल्या गटाच्या दुकानात असतात तिघी-चौघी, आणि त्या नोकर नाहीत, मालकच. पुन्हा आपण बाहेर! आपल्यावर लक्ष ठेवायला कुणी इन्स्पेक्टर येणार नाही. आपला नियम आपल्यालाच करावा लागेल.

मग पाळीपाळीने सुटी घेतली की झाले का? यावरही एक जुना प्रयोग आहे. रशियात १९२९ साली सरकारने ठरवले, यंत्रे एक दिवसही थांबवायची नाहीत. कामगारांचे गट केले आणि प्रत्येक गटाला वेगवेगळ्या दिवशी सुटी दिली. कारखाना रोज चालू. पण नवऱ्याची सुटी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या दिवशी, मुलांच्या शाळेची तिसऱ्या. सुटी मिळूनही घरी बोलायला कुणी नाही. लोक कंटाळले, आणि १९४० साली रविवारची सुटी परत आणावी लागली. उलट जर्मनीत आजही रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यांच्या राज्यघटनेतच रविवारच्या विश्रांतीला जागा आहे. म्हणजे पाळीची सुटी अंगाला विसावा देते, पण सगळ्यांनी मिळून बसायला एक सारखा दिवसही लागतो.

आता शेवटचा आणि खरा मुद्दा. समजा, रविवारी दुकान बंद ठेवले. त्या दिवशी दुकानातली बाई काय करते? आठवड्याचे धुणे काढते, जाजम-गोधड्या धुते, दळण आणते, सगळे घरी म्हणून दोन भाज्या जास्त करते. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतो याची. घरातले बिनपैशाचे काम करणाऱ्या बाया त्याला तेव्हा रोज सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष असे काम करत होते ते देत होते ९७ मिनिटे. या पाच तासांना रविवार नाही. लोखंड्यांनी मालकाकडे सुटी मागितली. चुलीची सुटी कुणाकडे मागायची?

आइसलँड नावाचा एक छोटा देश आहे. तिथल्या बायांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी ठरवून एक दिवस काम केले नाही. नोकरीवर गेल्या नाहीत, घरात स्वयंपाक नाही, मुलांना सांभाळले नाही. दहापैकी नऊ बाया त्यात होत्या. बापांना मुले घेऊन कामावर जावे लागले. भांडण नाही, दगडफेक नाही. एका दिवसात सगळ्यांना कळले, की हे काम कोण करते. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. मी तुम्हाला चूल बंद करा असे सांगत नाही. पण काम थांबले की ते दिसते, एवढे त्यातून घ्या.

तर गटाने काय करावे? मला जे वाटते ते सांगते, तुम्ही तुमचे ठरवा. रविवारी विक्री चांगली होत असेल तर दुकान उघडे ठेवा, त्यात गैर काही नाही. पण प्रत्येकीचा सुटीचा वार कागदावर लिहून भिंतीला लावा. तोंडी ठरवले की जी गरीब स्वभावाची असते तीच रोज येते. ज्या दिवशी एखादी सुटीच्या वारी आली, तिला त्याच आठवड्यात बदली दिवस द्या. हंगामात, म्हणजे उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांच्या दिवसांत आणि दिवाळीच्या फराळाच्या वेळी, नियम सोडू नका, कारण नियम मोडतो तो हंगामातच. खानदेशच्या जिनवर तेच झाले. महिन्यातला एक दिवस सगळ्या गटाचे काम पूर्ण बंद ठेवा आणि त्या दिवशी बैठक नको, वसुली नको. नुसत्या बसा, बोला. आणि सुटीच्या वारी घरातल्या एकाने तरी एका वेळचा स्वयंपाक करावा, हे घरी आधीच सांगून ठेवा. दादा असो, बाबा असोत, सासूबाईंचा मुलगा असो.

आपल्यातल्या ज्या कापूस वेचायला जातात, त्यांना किलोवर पैसे मिळतात. त्या म्हणतील, ताई, सुटी घेतली तर त्या दिवसाचे पैसे गेले. हे खरे आहे, आणि याला गटाच्या ठरावाने उत्तर मिळणार नाही. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात आठवड्याला सहा दिवसांपेक्षा जास्त काम नको असे लिहिले होते, पण सातव्या दिवसाची मजुरी त्यात नव्हती. पोट भरलेले असेल तरच विसावा हक्काचा वाटतो. म्हणून सुटीची मागणी आणि मजुरीच्या दराची मागणी वेगळी करता येत नाही. लोखंड्यांच्या अर्जातही रविवार आणि वेळेवर पगार एकाच कागदावर होते.

पुढच्या बैठकीत बचत आणि परतफेड झाली, की हा विषय घ्या. दोन्ही बाजू ऐका, जी कधीच बोलत नाही तिला आधी विचारा आणि ठराव प्रोसिडिंगच्या वहीत लिहा, सह्या-अंगठ्यांसकट. तुमच्या गटाने कोणता वार ठरवला आणि तो तीन महिने टिकला का, ते आम्हाला नक्की कळवा. जमलेल्या गटांची नावे पुढच्या भागात वाचून दाखवू.